मंगळवारचे रस्ते

सायकल दुरुस्तीच्या दुकानातली थोरली बहीण कुणाचं सहजासहजी ऐकून घेणारी नव्हती, आणि त्याची तिला काडीचीही खंत नव्हती. गिऱ्हाइकाने येऊन चाक डुगडुगतंय म्हटलं की ती आधी गिऱ्हाइकाकडे बघे, मग चाकाकडे, आणि दहातल्या आठ वेळा दोष गिऱ्हाइकातच निघे. कुणी दोन पोरं कॅरिअरवर बसवून खड्ड्यातून सायकल हाणलेली असे, कुणी वर्षभर चेनला तेल दाखवलेलं नसे. मग ती भरपूर सुनावे आणि सुनावता सुनावता चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, असा काढून देई की माणूस बोलणी विसरून खुशीत घरी जाई. वीस वर्षं तिने हे दुकान एकहाती चालवलं होतं. "मी केलेलं काम परत येत नाही," हे तिचं आवडतं वाक्य होतं, आणि ते खोटं पाडणारा अजून कुणी भेटला नव्हता.

गावात मात्र तिला दुकानावरून कुणी ओळखत नसे. तिचं नाव पडलं होतं बटणताई.

त्याचं असं झालं. गावाच्या तीन बाजूंना डोंगर, आणि त्या डोंगरांत जुने, अरुंद, विसरलेले रस्ते पुष्कळ. मोठा रस्ता झाल्यापासून मोटारी तिकडून जात, आणि हे जुने रस्ते गवत, सरडे आणि सायकलवाले यांच्यासाठी मोकळे राहिले. लांबून सायकलींवर येणारे प्रवासी दुकानात हवा भरायला थांबत आणि विचारत, "वर्दळ नसलेला रस्ता कुठला?" कुणी काही सांगे, कुणी काही. थोरलीला असली मोघम उत्तरं खपत नसत. रस्ता शांत आहे म्हणजे किती शांत? तिने स्वतःच मोजायचं ठरवलं. दुकान बंद असेल त्या दिवशी ती सायकल काढायची, एखाद्या रस्त्याच्या मध्यावर बसायची आणि बरोबर एक तास हलायची नाही. डाव्या खिशात बटणं. एक मोटार गेली की एक बटण डावीकडून उजवीकडे. तास संपला की उजवा खिसा मोजायचा. पाचापेक्षा जास्त बटणं निघाली की तो रस्ता बाद, मग तिथलं दृश्य कितीही देखणं असो. प्रत्येक रस्ता असा तीनदा मोजायचा, तीन वेगळ्या ऋतूंत.

सात वर्षं हे चाललं होतं. त्यातून बावीस रस्त्यांची पुस्तिका तयार झाली होती. चढ कुठे, पाणी कुठे, मुक्काम कुठे, आणि प्रत्येक रस्त्याखाली बटणांचा आकडा. छापखानेवाल्याने कच्ची प्रत काढून दिली होती. शुक्रवारी पुस्तिका छापायला जाणार होती.

बटणं मात्र तिची नव्हती, धाकटीची होती. धाकटी दुकानाच्या मागच्या खोलीत शिवणकाम करायची, आणि जोडीला जोड नसलेली सगळी बटणं पत्र्याच्या एका गोल डब्यात टाकायची. दोघी बहिणी एकाच घरात राहत होत्या. थोरलीने लग्न केलं नव्हतं, धाकटीने केलं होतं आणि ते मोडून ती परत आली होती. त्यावर दोघींनी कधी फारशी चर्चा केली नाही. शिवणयंत्राला लागेल तेवढी जागा थोरलीने रिकामी करून दिली आणि विषय संपला.

तीन वर्षांपूर्वी एका तापात धाकटीचे दोन्ही कान गेले. बोलणं राहिलं, फक्त स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ती कधी फार मोठ्याने बोले, कधी पुटपुटे. समोरच्याचे ओठ वाचायला ती वर्षभरात शिकली. पण सायकल सुटली. लहानपणापासून दोघी घाट उतरायच्या, आणि त्यात धाकटी जास्त धीट होती. आता मागून येणारी गाडी तिला कळत नसे. दोनदा ती थोडक्यात वाचली. तेव्हापासून थोरलीने तिला फक्त शून्य बटणांच्या रस्त्यांवर नेलं, तेही मंगळवारी, आणि स्वतः सतत तिच्या मागे राहून. बावीस रस्त्यांची पुस्तिका जगासाठी असेल, पण खरं सांगायचं तर गेली तीन वर्षं थोरली ती एकाच माणसासाठी करत होती.

म्हणूनच या मंगळवारी सकाळी धाकटी जेव्हा कच्ची प्रत पिशवीत घालून, हँडलला आरसा लावून, तीन दिवसांच्या फेरीला एकटी निघाली, तेव्हा थोरलीने तिला अडवलं नाही.

"दुसऱ्या दिवशी सतरा नंबर," तिने धाकटीसमोर उभं राहून, ओठ नीट हलवत सांगितलं. "जुना घाट. तीनदा मोजलाय. तिन्ही वेळा शून्य. डोळे मिटून उतर."

"तिन्ही वेळा मंगळवार," धाकटी म्हणाली.

"दुकान मंगळवारी बंद असतं, तर मी काय सोमवारी जाऊ?"

"मी तेच विचारतेय, ताई. मंगळवारच का?"

हे धाकटीने आधीही विचारलं होतं. थोरलीने आधीही ते उडवून लावलं होतं. रस्ता रस्ता असतो, त्याला वार काय कळतो? तिने धाकटीच्या मागच्या चाकाची हवा अंगठ्याने दाबून पाहिली, ठीक आहे म्हणून मान हलवली आणि तिच्या पाठीवर थाप मारली. धाकटी हसली आणि वळणावरून दिसेनाशी झाली.

बुधवारी सकाळी थोरलीने मागच्या खोलीतून केरसुणी आणताना सहज बटणांचा डबा उचलला, तर तो हलका लागला. उघडून पाहिलं, निम्मा रिकामा. एवढी बटणं कुणाला लागली, असा विचार तिच्या मनात आला, पण तेवढ्यात बाहेर एवढा मोठा हॉर्न वाजला की डबा तिच्या हातून निसटता निसटता राहिला.

दुकानासमोर डंपर उभा होता. त्याने निम्मा रस्ता अडवला होता आणि चाकांपासून टपापर्यंत तो पांढऱ्या भुकटीने माखला होता. त्यातून पन्नाशीचा एक ड्रायव्हर उतरला. त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. हातात एकचाकी ढकलगाडीचं चाक.

"ताई, याचं पंक्चर काढाल का? बाकी कुणी हात लावत नाही म्हणे."

"मी लावते. पण हॉर्न परत वाजवलात तर तुम्हालाही लावीन."

ड्रायव्हर मनमोकळा हसला. त्याला सगळे मामा म्हणतात, त्याने स्वतःच सांगितलं. तीही मग मामा म्हणू लागली. तिने ट्यूब काढली, पाण्याच्या घमेल्यात बुडवली, बुडबुडे कुठून येतात ते पाहिलं. मामा बाकावर बसून भिंतीवरचा तिचा नकाशा न्याहाळत होता. त्यावर बावीस रस्ते निळ्या शाईने काढलेले होते.

"हा आमचा रस्ता," त्याने बोट ठेवलं.

थोरलीने वर पाहिलं. बोट सतरा नंबरवर होतं.

"तुमचा कसा? तिथे काय आहे? वर एक खाण होती, ती बंद पडली."

"बंद?" मामाला गंमत वाटली. "कुणी सांगितलं? दीड वर्ष झालं परत चालू होऊन. खडीचा क्रशर आहे मोठा. अठरा डंपर आहेत, दिवसभर वरखाली. घाट उतरला की आम्ही तसेच धरणाकडे वळतो, तुमच्या गावात यायचं काही कारणच पडत नाही."

"मी स्वतः पाहिलंय. फाटकाला कुलूप होतं. एकदा नाही, तीनदा."

"कधी?"

"मंगळवारी."

"मंगळवारी असणारच की! मंगळवारी दुरुस्तीसाठी सगळ्या भागाची लाइन बंद असते. वीज नाही तर क्रशर कशावर चालवणार? आमची सुट्टी मंगळवारीच."

थोरलीच्या हातातली ट्यूब घमेल्यात पडली.

तिचं दुकान मंगळवारी बंद असे, कारण मंगळवारी वीज नसे. वीज नाही तर हवेचा कॉम्प्रेसर नाही, ग्राइंडर नाही. ही गोष्ट तिला वीस वर्षं माहीत होती. त्याच विजेवर या डोंगरांतली प्रत्येक गिरणी, प्रत्येक वखार आणि प्रत्येक खाण चालते, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. ज्या कारणाने ती मोजायला मोकळी असे, त्याच कारणाने रस्ते रिकामे असत. सात वर्षं तिने रस्ते मोजले नव्हते, मंगळवार मोजला होता.

आणि आज बुधवार होता. धाकटी सतरा नंबरवर होती, वरून खाली यायला निघालेली, आणि तिच्या मागून येणाऱ्या भरल्या डंपरचा हॉर्न तिला ऐकू येणार नव्हता.

तिने फोन काढून लिहिलं, "घाट उतरू नकोस. आहेस तिथेच थांब." संदेश गेला, पण पोचल्याची खूण काही उमटेना. घाटात रेंज नसते, हे तिनेच पुस्तिकेत लिहिलं होतं, आणि वर कौतुकाने लिहिलं होतं.

"मामा, तुम्ही आता वर जाणार?"

"पंक्चर निघालं की."

तिने पंक्चर काढलं. कामात कसूर केली नाही. मग दुकानाला कुलूप लावलं, डब्यातली उरलीसुरली बटणं सवयीने डाव्या खिशात ओतली, आणि लोक बघत असताना डंपरच्या पायरीवर पाय देऊन वर चढली. वीस वर्षांत दुकान कामाच्या दिवशी बंद झालेलं गावाने कधी पाहिलं नव्हतं.

डंपरच्या केबिनमधून रस्ता वेगळाच दिसतो. सायकलवरून जो घाट तिला ऐसपैस वाटायचा, तो या काचेतून पाहिल्यावर एका गाडीपुरताही वाटेना. पायथ्याकडच्या चार किलोमीटरांत तर रस्ता कातळ फोडून काढलेला होता. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये कडेला उभं राहायला हातभर जागा नाही. समोरून भरले डंपर येत होते. ते आले की मामा भिंतीला चिकटून थांबायचा.

"वाटेत सायकल असली तर कळते का तुम्हाला?" तिने विचारलं.

"पुढे असली तर कळते. पण वळणापलीकडे असली तर कळेपर्यंत आपण तिथे पोचलेलो असतो. म्हणून तर हॉर्न मारतो प्रत्येक वळणावर. ऐकून माणूस बाजूला होतो."

"आणि नाही ऐकलं तर?"

मामाने तिच्याकडे पाहिलं. मग तिने त्याला धाकटीचं सांगितलं. त्याने गियर बदलून गाडी जरा दामटली. थोरलीचा जीव टांगणीला लागला होता. प्रत्येक वळणाआधी ती डोळे मिटत होती आणि वळण संपायच्या आत उघडत होती, कारण न बघणं बघण्यापेक्षा वाईट होतं.

घाटाच्या मध्यावर एक मैलाचा दगड आहे. त्यावरचे आकडे पुसून गेलेत. तीनही वेळा थोरली त्याच दगडावर बसली होती. डंपर तिथलं वळण वळला आणि ती ओरडली, "थांबा!"

दगडावर धाकटी बसली होती. सायकल डोंगराच्या बाजूच्या गटारात आडवी करून ठेवलेली, डोक्याला रुमाल बांधलेला, एक हात दगडावर टेकलेला. डंपर पाहून तिने डाव्या खिशातून काहीतरी काढलं आणि उजव्या खिशात टाकलं. मग थोरली केबिनमधून उतरताना दिसली तशी तिच्या तोंडाचा आ झाला.

थोरलीने आधी तिला घट्ट मिठी मारली आणि मग दंडाला धरून गदागदा हलवलं. दोन्ही गोष्टी मनापासून केल्या.

"काय चाललंय हे? मर्जीने मरायला आलीस का?"

"सावकाश बोल, ओठ दिसत नाहीयेत," धाकटी मोठ्याने म्हणाली, आणि उजवा खिसा ओंजळीत रिकामा केला. निळी, तपकिरी, काळी, शिंपल्याची. "दहा ते अकरा एकोणीस. अकरा ते आत्तापर्यंत तेवीस. तुझ्यासकट."

निम्मा रिकामा झालेला डबा थोरलीला आठवला. "तुला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं, संशय होता. माझं शिवणयंत्रही विजेवरच चालतं, ताई. मंगळवारी मीही मोकळीच असते. तुला दोनदा विचारलं, तू चाकाची हवा बघत बसलीस. छापल्यावर सांगून काय उपयोग होता? म्हणून म्हटलं, आपणच बघून यावं. वर खाणीचं फाटक उघडं होतं, आत पाटी दिसली, वेळासुद्धा लिहिल्यात. तिथून इथपर्यंत चालत आले, सायकल हातात धरून, गटारातून. मी बहिरी आहे, वेडी नाही."

"आणि एकटीच्या फेरीचं निमित्त?"

"निमित्त नाही. ती हवीच होती मला." तिने दगडावर तळवा ठेवला. "यातून कळतं, बघ. गाडी वळणावर यायच्या आधी दगड थरथरतो. पण चालत्या सायकलवर नाही कळत. तेवढं माझ्याही लक्षात आलं."

थोरलीने डंपरकडे हात केला. "चढव सायकल यात. मामा वरून भरून आले की आपण दोघी खाली."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"एक ते दोन जेवणाची सुट्टी असते. पाटीवर लिहिलंय. तेव्हा एकही गाडी हलत नाही. शेवटची गाडी गेली की मी उतरणार. आरामात चाळीस मिनिटं लागतील."

मामाने खिडकीतून दुजोरा दिला. सुट्टी असते हे खरं, पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे. मग तो म्हणाला, दोननंतर भरून येतो आणि ताईंना खाली नेतो, आणि वर निघून गेला.

दोघी बराच वेळ भांडल्या. म्हणजे थोरली भांडली, आणि धाकटीने अधूनमधून दुसरीकडे तोंड फिरवलं, की थोरलीचं बोलणं तिथल्या तिथे बंद. हा तिचा हुकमी डाव होता. शेवटी ती वळून म्हणाली, "तीन वर्षं तू माझ्या मागे आहेस. मला मागे तू दिसतेस, तू नसलीस तर मी नाही, असं झालंय. आज मला हा घाट एकटीने उतरायचाय. लहान होते तेव्हा तुझ्या पुढे उतरायचे, आठवतं?"

थोरलीला आठवत होतं. हिला आपण जपलं की कोंडलं, हा प्रश्न तिने आजवर स्वतःला विचारला नव्हता. आता तो आपसूक समोर आला, आणि त्याचं उत्तर काही तिला आवडणारं नव्हतं. तिला भीती वाटत होती, खूप वाटत होती, पण भीती तिची होती आणि घाट धाकटीचा होता.

"ब्रेक दाखव," ती म्हणाली.

तिने दोन्ही ब्रेक तपासले, मागचा अर्धा आटा कसला, आरसा पुसला. एक वाजून पाच मिनिटांनी शेवटचा डंपर गेला. धाकटी सायकलवर बसली.

"तू इथे बसून मोज," ती म्हणाली. "दोनपर्यंत. शून्य आलं तर पुस्तिकेत लिहू, सतरा नंबर, एक ते दोन. आणि मी दर आठवड्याला येईन."

ती गेली. पहिल्या वळणावर तिने ब्रेक न लावता अंग झुकवलं, अगदी पूर्वीसारखं.

थोरली दगडावर बसली. बटणं डाव्या खिशात. आजवर शेकडो तास तिने असे मोजले होते, पण खिशातलं बटण हलू नये म्हणून जीव मुठीत धरून बसण्याची ही पहिलीच वेळ होती. घाट गप्प होता. गवतात किडे किरकिरत होते. सव्वा वाजला, एक पंचवीस झाले. आता ती कातळाच्या तोंडाशी आली असेल, तिने मनात हिशेब केला. आता आत शिरली असेल. तिने धाकटीसारखा तळवा दगडावर ठेवला.

एक बत्तीसला दगड थरथरला.

तिला आधी वाटलं आपलाच हात थरथरतोय. मग वरून इंजिनाचा आवाज आला. ती उठली आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन, दोन्ही हात पसरून उभी राहिली. वळणावरून डंपर आला, करकचून ब्रेक लागले, आणि तो तिच्यापासून दहा पावलांवर थांबला. खिडकीतून पांढऱ्या भुवया बाहेर आल्या.

"अहो ताई! मी आहे मी. मामा!"

"दिसतंय. गाडी बंद करा."

"अहो, जेवणाचा डबा तसाच ठेवून, आधी गाडी भरून घेतली. म्हटलं, तुम्ही एकट्या उन्हात बसलात, लवकर न्यावं."

"उपकार झाले. आता दोन वाजेपर्यंत इथून हलायचं नाही."

"पण दोघं मिळून गेलो तर—"

"मामा, खालचे चार किलोमीटर ती कातळात आहे. तुम्ही सावकाश जाल, मला माहीत आहे. पण तुम्ही जाल. बंद करा गाडी."

मामाने किल्ली फिरवली. मग तो खाली उतरला, डबा काढला आणि डंपरच्या सावलीत मुकाट जेवायला बसला. थोरलीने डाव्या खिशातून एक बटण काढलं. मोठं, काळं, कोटाचं. ते तिने उजव्या खिशात टाकलं.

मामाचा घास हातातच राहिला. "हे काय? माझी गाडी धरताय? मी तर तुम्हालाच न्यायला आलो होतो. रोज थोडाच येतो या वेळी? रोज एक ते दोन चिटपाखरू नसतं."

"चाकं आहेत ना गाडीला?"

"ती आहेत."

"मग धरणार."

दोन वाजता ती डंपरमध्ये चढली. उतारभर ती काचेला नाक लावून बसली होती. कातळातला रस्ता रिकामा होता. पायथ्याला छोट्या पुलाचा कठडा होता, आणि कठड्यावर धाकटी बसली होती. रुमाल सुटून गळ्यात आलेला, चेहरा लालबुंद, डोळे चमकत होते. इतकी खूश थोरलीने तिला तीन वर्षांत पाहिली नव्हती. डंपर थांबायच्या आत ती उठून ओरडली, "किती?"

तिच्या आवाजाने पुलाखालचे बगळे उडाले.

मामाने थोरलीकडे पाहिलं आणि हलकेच मान हलवली, सांगू नका म्हणून. थोरलीलाही ते सुचलं होतं. शून्य म्हणायला काय लागतं? बोटांची गोल खूण केली की झालं. सतरा नंबर पुस्तिकेत राहील, मोजणीची लाज झाकली जाईल, आणि समोरचा हा चेहरा असाच राहील. मामा म्हणाला होता ते खरंच होतं, रोज कुणी येत नाही. फक्त आज आला होता, चांगल्या मनाने आला होता, आणि असा चांगल्या मनाचा माणूस पुन्हा एखाद्या बुधवारी येणारच नाही, हे कोण सांगणार? तेव्हा त्याला अडवायला दगडावर थोरली असेलच असं नाही.

ती खाली उतरली, धाकटीच्या समोर उभी राहिली आणि तिने एक बोट वर केलं.

धाकटीने बोटाकडे पाहिलं, मग डंपरकडे, मग मामाकडे. मामाने अपराध्यासारखी मान खाली घातली.

"तू अडवलंस याला?"

"अडवलं."

"नसतंस अडवलं, तर मला कुठे गाठलं असतं याने?"

"कातळात."

धाकटीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. तिला वाईट वाटत होतं आणि ते ती लपवत नव्हती. थोरलीलाही वाईट वाटत होतं, पण खरं सांगून आपण चुकलो असं तिला एकदाही वाटलं नाही.

"शून्य म्हणाली असतीस," धाकटी म्हणाली, या वेळी अगदी हळू, "तर पुढच्या बुधवारी मी एकटी आले असते."

"म्हणून तर एक सांगितलं."

धाकटीने पिशवीतून कच्ची प्रत काढली, तिला अडकवलेली पेन्सिल सोडवली आणि दोन्ही थोरलीच्या हातात दिल्या. थोरलीने सतराव्या पानावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. मग तिने छापखानेवाल्याला फोन लावला आणि शुक्रवारचं काम थांबवायला सांगितलं. तो वैतागून म्हणाला की तुम्ही तर छातीठोक सांगत होता, सगळं तीनदा मोजलंय म्हणून. "चुकीचं मोजलं होतं," थोरली म्हणाली. हे वाक्य ती आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होती, आणि म्हटल्यावर काही आभाळ कोसळलं नाही.

"आता उरलेल्या एकवीस रस्त्यांचं काय?" मामाने विचारलं.

"बुधवारी एक मोजेल, शनिवारी दुसरी," धाकटी म्हणाली. तिने त्याचे ओठ लांबूनच वाचले होते. "माझा आकडा आणि हिचा आकडा, दोन्ही छापायचे."

थोरलीने आपले दोन्ही खिसे कठड्यावर पालथे केले, मग धाकटीनेही आपले केले. मोठं काळं बटण धाकटीने उचलून पिशवीच्या बंदाला बांधलं, आणि बाकीची दोघींनी निम्मीनिम्मी वाटून घेतली.